चारचौघांत गेलं की असं का होतं? (वाचकांचे प्रश्न)

या वेळचा पत्रांचा गठ्ठा वाचला (गठ्ठा कसला, सगळं आता मेलवर नाहीतर व्हॉट्सॲपवर येतं, पण म्हणायची सवय जात नाही) आणि जाणवलं की विषय वेगवेगळे असले तरी सगळ्यांचं दुखणं एकच आहे. माणूस एकटा असताना एक असतो, चारचौघांत गेला की वेगळाच वागतो, मग त्यातला खरा कोणता? कॉलेजात मी चोवीस वर्षं हेच शिकवलं, सामाजिक मानसशास्त्र. मुलं त्याला नुसतं 'सोशल' म्हणायची आणि स्कोअरिंग पेपर म्हणून घ्यायची. तर या अंकात सगळे प्रश्न त्यातलेच घेतलेत. काही पत्रं फार लांब होती ती कापलीत, रागवू नका.

प्रश्न : आमची ४२ फ्लॅटची जुनी सोसायटी आहे. रंगकामाचं जे कोटेशन कमिटीने आणलं ते सगळ्यांनाच महाग वाटत होतं, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये जो भेटेल तो तेच बोलायचा. पण मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी "सगळ्यांना मान्य ना?" विचारलं आणि एकेक करत सगळे हात वर. माझाही. घरी बायको म्हणाली, तुम्ही तर विरोध करणार होतात ना? मी भित्रा आहे का हो?
– एक सभासद, डोंबिवली

उत्तर : अहो, तुम्ही भित्रे असाल तर त्या हॉलमधले सगळेच भित्रे म्हणावे लागतील, कारण लिफ्टमध्ये कुरकुरणारेही तेच आणि हात वर करणारेही तेच. मला यात वेगळंच काहीतरी दिसतं.

सॉलोमन ॲश नावाचा एक मानसशास्त्रज्ञ होता, १९५० च्या दशकात अमेरिकेत त्याने एक अगदी साधा प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्या कार्डावर तीन रेघा, आणि सांगायचं इतकंच की तिघींपैकी कुठली रेघ पहिलीएवढी आहे. बालवाडीतलं पोरही सांगेल. एकट्याला विचारलं तर चूक जवळजवळ होतच नव्हती. पण ॲशने खोलीत सात-आठ जण बसवले, त्यातला एकच खरा, बाकीचे सगळे आधीच पढवून ठेवलेले, आणि ते एकामागून एक ठामपणे चुकीचं उत्तर द्यायचे. अशा फेऱ्यांमध्ये साधारण ३७ टक्के वेळा त्या खऱ्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांना दिसतंय ते सोडून बाकीच्यांचं उत्तर दिलं. चारातले तीन जण निदान एकदा तरी वाहवत गेले. आणि हे कशासाठी, तर रेघेच्या लांबीसाठी! तिथे ना मेंटेनन्स वाढायची भीती होती ना रोज जिन्यात भेटणाऱ्या माणसाशी वाईटपणा.

मी वर्गात फळ्यावर रेघा काढून हे करून बघायचे. दर वर्षी एखादी मुलगी आधी फळ्याकडे बघायची, मग बाकीच्यांकडे, मग परत फळ्याकडे, आणि शेवटी चष्मा काढून पुसायची. म्हणजे चूक चष्म्याची असेल पण इतक्या लोकांची नसेल! ॲशने नंतर त्याच्याकडच्या लोकांना विचारलं तेव्हाही असंच निघालं, काही जण म्हणाले आम्हाला बरोबर दिसत होतं पण उगाच वेगळं कशाला पडा, आणि काहींना खरंच वाटलं होतं की आपल्याच बघण्यात काहीतरी गडबड आहे. पहिल्या प्रकारात आपण लोकांत राहायचं म्हणून मान हलवतो, दुसऱ्यात लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळतं असं समजून. तुमचा प्रकार पहिला वाटतो, पण "कमिटीने तीन कोटेशनं बघितली असतील, त्यांना माहीत असेल" असं मनात आलं असेल तर थोडा दुसराही.

आता यातली एक गोष्ट लोक हमखास विसरतात. त्या पढवलेल्यांपैकी एकानेच जर बरोबर उत्तर दिलं, फक्त एकाने, तर वाहवत जाण्याचं प्रमाण एकदम चौथाईवर यायचं. त्याहून गंमत म्हणजे तो एक जण बरोबर असायलाही हवा असं नाही, तो बाकीच्यांपेक्षा वेगळं पण अजूनच चुकीचं बोलला तरी खऱ्या माणसाची जीभ सुटायची. त्यामुळे तुमच्या मीटिंगमध्ये तळमजल्यावरचे कोणी काका उठून "रंग लावूच नका, आमच्या वेळी चुना मारायचे" असं काहीतरी म्हणाले असते तरी पुढचे चार जण बोलले असते बघा.

आणि दुसरं असं की, त्या हॉलमध्ये प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांना मान्य आहे. कशावरून? बाकीचे गप्प होते म्हणून. आणि बाकीचे गप्प का, तर तुम्ही गप्प होतात म्हणून! याला प्लुरॅलिस्टिक इग्नोरन्स असं जडशीळ नाव आहे, सोप्या भाषेत सगळ्यांचा मिळून एक गैरसमज. हे नुसतं मीटिंगपुरतं नसतं. सौदी अरेबियात काही अर्थतज्ज्ञांनी रियाधमधल्या तरुण नवऱ्यांना विचारलं, बायकांनी घराबाहेर नोकरी करावी का? बहुसंख्य खाजगीत म्हणाले, करावी की. पण आजूबाजूच्या पुरुषांना तसं वाटतं का विचारलं तर आकडा बराच कमी सांगितला. मग अर्ध्या लोकांना खरा आकडा सांगून टाकला, बाकी काही उपदेश नाही, तर त्या लोकांपैकी जास्त जणांनी बायकोचं नाव नोकरी शोधून देणाऱ्या सर्व्हिसमध्ये घातलं. मला स्वतःला हा अभ्यास फार आवडतो, आपल्याकडच्या लग्नातल्या मानपानाबद्दल कोणीतरी असं करायला पाहिजे, कारण मला एकही वधूपिता किंवा वरपिता असा भेटलेला नाही ज्याला ते मनापासून हवं होतं.

तुम्ही आता काय कराल, तर पुढच्या मीटिंगच्या आधी एकाच शेजाऱ्याला गाठा, दहांना नको, आणि ठरवा की तुम्ही बोललात की ते लगेच "माझंही तेच म्हणणं आहे" म्हणतील. पैशाचा विषय असेल तर हात वर नको, चिठ्ठ्या टाकू असं सुचवा, ॲशच्या प्रयोगातही उत्तर मोठ्याने न सांगता लिहून द्यायचं म्हटल्यावर लोक खूप कमी वाहवले. आणि सेक्रेटरींचा तो "सगळ्यांना मान्य ना?" हा प्रश्न नाहीच हो, ते उत्तर आहे. "कोणाच्या शंका आहेत, दोन तरी सांगा" असं विचारायला लावा त्यांना.

प्रश्न : आमच्याकडे हिंगोली-नांदेडच्या बाजूला धक्का बसला की घरच्या ग्रुपवर सुरू होतं, "आज रात्री पुन्हा मोठा भूकंप, नासाने वेळ दिली आहे, पुढे पाठवा." पाठवणारे माझे वडील, रिटायर्ड हेडमास्तर. मी सांगून थकलो. शिकलेली माणसं असं का करतात?
– एक मुलगा, लातूर

उत्तर : आधी एक सांगते, तुमच्या वडिलांच्या वयाच्या लातूरच्या माणसाने ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट बघितली आहे. त्यामुळे हसू नका त्यांना.

तुमचा प्रश्न या विषयात जवळपास ९० वर्षं जुना आहे आणि याची सुरुवात आपल्याच देशात झाली, हे फार कमी जणांना माहीत असतं. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. जमुना प्रसाद नावाच्या मानसशास्त्रज्ञाने त्यानंतर लोकांत फिरणाऱ्या अफवा गोळा केल्या. आणि बहुतेक अफवा कशाच्या होत्या, तर येणाऱ्या आणखी मोठ्या संकटाच्या. पाटण्यात वादळ येणार, नेपाळच्या बाजूने पूर निघालाय, चंद्रग्रहणाच्या दिवशी परत भूकंप, गंगेचं पाणी गायब झालं आणि आंघोळ करणारे वाळूत रुतले. विचित्र म्हणजे या अफवा जिथे लोकांना धक्का जोरात जाणवला पण घरंदारं पडली नव्हती, अशा भागातल्या होत्या. ज्यांचं काही गेलं नव्हतं ते लोक स्वतःला आणखी घाबरवून का घेत होते?

हे कोडं बरीच वर्षं पडून राहिलं आणि मग अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर या माणसाच्या हातात ते पडलं. त्याने उलटा विचार केला. लोक अफवेमुळे घाबरलेले नसतीलच, आधीच घाबरलेले असतील, आणि आजूबाजूला बघतात तर घाबरण्यासारखं काहीच नाही, सगळं जागच्या जागी! छातीत धडधड आहे आणि कारण सापडत नाही, ही अवस्था माणसाला सहन होत नाही. मग "पूर येतोय" हे वाक्य कामाला येतं, कारण निदान धडधडीला कारण मिळतं. ती अफवा भीती वाढवायला नसतेच, भीती बरोबर होती हे पटवायला असते. याच विचारातून पुढे १९५७ मध्ये त्याने कॉग्निटिव्ह डिसोनन्सचा सिद्धांत मांडला, मनातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळेनात की माणूस काहीतरी करून जुळवून घेतो असा. आणि याला ताळा म्हणून दुर्गानंद सिन्हा यांचा दार्जिलिंगचा अभ्यास आहे, तिथे दरडी कोसळून खरोखर माणसं मेली, घरं गेली, आणि तिथे अशा येणाऱ्या संकटांच्या अफवा उठल्या नाहीत. उघड आहे, भीतीचं कारण समोरच पडलेलं होतं.

आता तुमच्या वडिलांचा फोन बघा. धक्का जाणवला, भांडी वाजली, झोप उडाली, आणि सकाळी सगळं ठीक. मग तो मेसेज येतो. तुम्ही लगेच "बाबा हे फेक आहे" लिहून लिंक टाकता. म्हणजे त्यांच्या लेखी तुम्ही काय म्हणता, तर तुमची भीती मूर्खपणाची होती, तेही मावशी-काका-भाचरांसमोर. मग ते अजून एक मेसेज शोधून आणणारच.

त्यापेक्षा फोन करा. "रात्री तुम्हाला जाणवलं का, झोप लागली का, किल्लारीची आठवण आली असेल ना" एवढं विचारा आणि पाच मिनिटं ऐका. मग सांगा की भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगता येत नाही, ना नासाला ना कोणाला, आणि त्याच दमात काहीतरी करायला द्या, कपाट भिंतीला पक्कं करून घ्या, टॉर्च उशाशी ठेवा. भीतीला काम मिळालं की अफवेची गरज जरा कमी होते. हेडमास्तर आहेत तर ग्रुपवर भूकंपात काय करायचं याचे चार मुद्दे त्यांनाच लिहायला सांगा, लिहितील बघा छान अक्षरात आणि फोटो काढून टाकतील.

आणि "जाऊ दे, म्हातारा माणूस आहे, पाठवू दे" असं मात्र म्हणू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झालं ते आठवा. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज फिरत होते, आणि भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी १९४७ मध्येच लिहून ठेवलं होतं की अफवा किती पसरणार हे दोन गोष्टींच्या गुणाकारावर आहे, विषय लोकांना किती महत्त्वाचा आणि खरी माहिती किती धूसर. पोटच्या पोरापेक्षा महत्त्वाचं काय असणार, आणि परका माणूस म्हणजे सगळी माहिती धूसरच.

प्रश्न : आमच्याकडच्या मावशी महिन्यातून चार-पाच खाडे करतात, कळवत नाहीत, विचारलं की दर वेळी नवीन कारण. बारसं, रेशन, पोराला ताप. यांची वृत्तीच कामचुकार असते का? मुलगा म्हणतो आई तू जजमेंटल आहेस.
– एक गृहिणी, कोथरूड

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला 'वृत्तीच' हा शब्द मी पेनाने गोल केला. तो 'च' तर दोनदा.

दुसऱ्याचं वागणं बघून आपण लगेच त्याच्या स्वभावाचा निकाल लावतो आणि त्याची परिस्थिती बघायचं विसरतो, याला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये फंडामेंटल ॲट्रिब्यूशन एरर असं नाव दिलं. त्याच्या दहा वर्षं आधीचा एक प्रयोग आहे, लोकांना क्यूबाचा कम्युनिस्ट नेता फिडेल कॅस्ट्रो याच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले आणि सरळ सांगितलं की लिहिणाऱ्याला बाजू निवडायला मिळालेली नव्हती, दिली ती बाजू लिहिली. तरीही वाचणाऱ्यांना वाटलंच की बाजूने लिहिणारा मनातून थोडा तरी कॅस्ट्रोवाला असणार!

पण हे सगळीकडे सारखं नसतं. जोन मिलर या बाईंनी १९८४ मध्ये शिकागोतल्या आणि आपल्या म्हैसूरमधल्या लोकांची तुलना केली. लहान मुलांत फार फरक नव्हता, पण मोठी माणसं एकदम वेगळी निघाली. त्यात एक किस्सा होता, एक वकील मोटारसायकलवर कोणाला तरी मागे बसवून कोर्टात चालला होता, अपघात झाला, तर त्याने जखमीला हॉस्पिटलात सोडलं आणि तो कोर्टात निघून गेला. अमेरिकन म्हणाले बेजबाबदार माणूस. म्हैसूरकर म्हणाले, वकील आहे, कोर्टात अशील वाट बघत असणार, शिवाय घाबरलाही असेल. म्हणजे परिस्थिती बघायची नजर आपल्याकडे चांगली आहे. माझं मत विचाराल तर ती आपण आपल्या माणसांपुरती वापरतो, मावशींपर्यंत ती पोचत नाही. तुम्ही ऑफिसातून पोराच्या तापासाठी सुट्टी घेतली तर ती सुट्टी, मावशींनी घेतली तर खाडा!

एक दिवस चहा देऊन विचारा किती घरं करतात, पाणी किती वाजता येतं, आठवड्याची सुट्टी कुठल्या घरातून मिळते का. माझ्याकडच्या बाई सहा घरं करायच्या आणि सुट्टी एकाही घरातून नव्हती. मी रविवार पगारी सुट्टी ठरवली. खाडे काही पूर्ण थांबले नाहीत, पण दोनावर आले आणि आधी फोन यायला लागला. आणि हो, कधी कधी माणूस खरंच कामचुकारही असतो, नाही असं नाही, पण तो निकाल शेवटी लावायचा.

प्रश्न : मॅडम, मी टीवायला आहे. मिलग्रॅमच्या प्रयोगात खरंच शॉक दिले का? आणि ६५ टक्के लोक इतके क्रूर असतात हे वाचून मला रात्री झोप आली नाही.
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : अगं, खरा शॉक त्यात एकालाच बसला आणि तो म्हणजे शॉक देणाऱ्याला! ४५ व्होल्टचा नमुना, मशीन खरं वाटावं म्हणून. पलीकडच्या खोलीतला "विद्यार्थी" नाटक करत होता.

येल विद्यापीठात १९६१ मध्ये स्टॅन्ली मिलग्रॅमने हे सुरू केलं. लोकांना सांगितलं की शिक्षेने स्मरणशक्ती सुधारते का ते बघायचंय, पलीकडच्या "विद्यार्थ्याचं" उत्तर चुकलं की शॉकचं बटण दाबा, दर वेळी १५ व्होल्ट जास्त, शेवटचं बटण ४५० चं. शेजारी करड्या कोटातला एक माणूस शांतपणे "कृपया पुढे चालू ठेवा" म्हणायचा. ४० पुरुषांपैकी २६ जण शेवटपर्यंत गेले, हे तुझे ६५ टक्के. पण ते कसे गेले ते वाच ना, घाम फुटलेला, हात थरथरतायत, काही जण विचित्र हसतायत, परत परत विचारतायत की थांबू का. क्रूर माणसाला घाम कशाला फुटेल?

खरं शिकण्यासारखं पुढच्या फेऱ्यांत आहे आणि तुमच्या गाइडमध्ये ते बहुतेक दोन ओळींत उरकलेलं असेल. कोटवाला खोलीतून बाहेर जाऊन फोनवरून सांगायला लागला तर साधारण पाचातला एकच शेवटपर्यंत गेला, काही जण तर फोनवर खोटंच सांगायचे की हो हो वाढवतोय आणि दाबायचे सगळ्यात हलकं बटण. आणि शेजारी बसलेल्या दोघा "शिक्षकांनी" (तेही पढवलेलेच) आम्ही नाही करत म्हणून हात वर केले, तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. माणसं त्याच गावातली, मशीन तेच, आणि आकडा २६ वरून ४ वर! डोंबिवलीच्या काकांचं वरचं उत्तर परत वाच, तीच गोष्ट आहे.

परीक्षेत हे लिही, आणि हेही लिही की लोकांना फसवून एवढा ताण देणं आज कुठलीच नीतिसमिती मंजूर करणार नाही. २००९ मध्ये जेरी बर्गर याने प्रयोग १५० व्होल्टला थांबवून पुन्हा केला, तेव्हाही त्यापुढे जायला तयार असलेले ७० टक्के होते. स्टॅनफर्डचा १९७१ चा तुरुंगाचा प्रयोग (विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवलं होतं तो) मात्र जपून वापर, त्यात पहारेकऱ्यांना कडक वागायला आधीच सांगितलं-सुचवलं गेलं होतं हे आता उघड झालंय, मी स्वतः तो वर्षानुवर्षं डोळे मिटून शिकवला याची मला आता लाज वाटते.

प्रश्न : हायवेवर माझ्यासमोर एक बाइकवाला घसरून पडला. पंधरा-वीस जण जमले, दोघं शूटिंग करत होते, मीही नुसता बघत उभा राहिलो. शेवटी एका रिक्षावाल्याने त्याला उचललं. आपल्या लोकांत माणुसकी उरली नाही का?
– नाव नको, सातारा

उत्तर : तुम्ही एकटे असतात तर बहुधा धावला असतात. १९६८ मध्ये जॉन डार्ली आणि बिब लटाने यांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर बोलायला लावलं आणि मध्येच एकाला फिटचा झटका आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकट्यानेच ऐकलं असं ज्यांना वाटत होतं त्यातले ८५ टक्के झटका संपायच्या आत मदतीला उठले, आणखी चार जण ऐकतायत असं वाटणाऱ्यांतले ३१ टक्केच. लोक जितके जास्त तितकी जबाबदारी वाटली जाते, आणि शिवाय सगळे उभेच आहेत म्हणजे फार लागलं नसेल असंही वाटतं.

हा अभ्यास सुरू झाला न्यूयॉर्कच्या किटी जेनोव्हीजच्या १९६४ मधल्या खुनावरून, ३८ जणांनी बघितलं आणि कोणी हललं नाही अशी ती बातमी होती. ती बातमी बरीच फुगवलेली होती हे नंतर कळलं, एक शेजारीण तर जिना उतरून तिच्यापाशी गेली होती. आणि अलीकडे ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउनमधल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही फुटेज बघितलं तर दहातल्या नऊ वेळा कोणी ना कोणी मध्ये पडलं होतं. तेव्हा माणुसकी संपली वगैरे नाही, तुमच्या गोष्टीतही रिक्षावाला होताच की.

पुढच्या वेळी "कोणीतरी बघा रे" असं ओरडू नका, कोणीतरी नावाचा माणूस कुठेच नसतो. बोट दाखवून सांगा, "ओ निळा शर्ट, १०८ ला फोन लावा, तुम्ही बॅगवाले, गाड्या थांबवा." आणि पोलिसांच्या लफड्याची भीती असेल तर सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना मान्य केल्यात, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातही कलम आलंय, रस्त्यावरच्या जखमीला मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही.

प्रश्न : माझ्या कपाळावर मोठा पिंपल आलाय आणि शुक्रवारी गॅदरिंग आहे. सगळे बघणार. जाऊ का?
– अकरावी, कोल्हापूर

उत्तर : जा. अमेरिकेत मुलांना एका गायकाचा मोठा चेहरा छापलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं होतं. त्यांना वाटलं निम्म्या लोकांनी तरी बघितला, प्रत्यक्षात चौथा हिस्साही कसाबसा. बाकीचे बहुतेक स्वतःच्या पिंपलच्या विचारात असतात गं.

प्रश्न : मंडळात नावाला साठ कार्यकर्ते, काम करतो आम्ही सहा. बाकीचे फक्त आरतीला आणि मिरवणुकीत. काय करावं?
– एक खजिनदार, सांगली

उत्तर : रिंगेलमन नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने शंभरेक वर्षांपूर्वी माणसांना दोर ओढायला लावला, तर आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढण्याच्या निम्म्यावर आलेला. थोडं ते ताळमेळ नसल्यामुळे, पण बरंचसं "माझ्या एकट्याने काय फरक पडतोय" म्हणून. बिरबलाच्या गोष्टीत हौदात प्रत्येकाने दुधाऐवजी पाणीच ओतलं ते हेच. पुढे लटानेने लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून हेच दाखवलं, आणि त्यातलाच पुढचा भाग तुमच्या कामाचा आहे, कोणाचा आवाज किती हे वेगळं मोजलं जाणार म्हटल्यावर तेच लोक पूर्ण ताकदीने ओरडले.

म्हणजे साठ जणांची "वर्गणी समिती" करू नका. प्रत्येक पावतीपुस्तकावर एकाचं नाव, एक गल्ली, आणि रोज रात्री किती जमलं ते मंडपात फळ्यावर. प्रसादाचा दिवस, लायटिंग, रात्रीचा पहारा, सगळ्यासमोर एकेक नाव, "सर्व कार्यकर्ते" हा शब्दच काढून टाका. आणि विसर्जनानंतर मंडप उतरवायला कोण येणार ते आत्ताच लिहून घ्या, त्या दिवशी सगळ्यांचेच पाय दुखत असतात.